आधी फ्लॅट, मग नवरी

अलेक्झांड्रियातल्या कॅन्सरच्या दवाखान्यात मी माझ्या नंबराची वाट बघत बसले होते. शेजारच्या बाईंचा मुलगा डॉक्टरांच्या खोलीतून एकटाच बाहेर आला.

"वाएल, काय म्हणाले रे? मला का नाही आत बोलावलं?"

"काही नाही गं आई. पोटात साधी गाठ होती, काढून टाकली, संपलं."

"मला शेंडी लावू नकोस. अंडाशयाचा कॅन्सर आहे, माहितीये मला. त्या गाठीतली कुठली जनुकं जागी आहेत ते बघणार होते ना? त्यावरून कळतं म्हणे, दुखणं लवकर उलटणार की नाही ते."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"वॉर्डातल्या बायका काय गप्प बसतात? बोल, काय निघालं?"

"चांगलं निघालं. अगदी चांगलं. अल्लाची कृपा."

"मग डोळे का लाल?"

"आत एसी किती आहे, आई!"

"बरं. मग तू जा परत कुवेतला. तुझ्या नि नेरमीनच्या लग्नाचं पुढच्या वर्षी बघू. आधी फ्लॅट, मग नवरी, असं तूच म्हणतोस ना?"

"नाही, आता नाही जात. आजच नेरमीनच्या वडिलांशी बोलतो. रमजानच्या आधी उरकून टाकू."

"तीन वर्षं मी घसा कोरडा करतेय, तेव्हा तुला फ्लॅट आडवा येत होता."

"आता हो म्हणतोय ना!"

"फ्लॅट झाला का?"

बाईंनी पर्समधून रुमाल काढून त्याच्या हातात दिला.

"डोळे पूस. असं तोंड घेऊन त्यांच्या दारात जाऊ नकोस. आणि नेरमीनलाही हेच सांग, चांगलं निघालं म्हणून."