तेराव्या महिन्यातली अटक

इंग्लंडातल्या अपिलाच्या कोर्टाबाहेर बाकावर माझ्याशेजारी आमच्या इथिओपियाचीच दोघं बोलत होती, वयस्क वर्कनेश आणि तरणा बेलाचू.

“तुला आसरा का नाकारला रे, बेलाचू?”

“मावशी, मला अटक तेराव्या महिन्यात झाली, ते खरं सांगितलं. साहेबाने लिहिलं, वर्षाला महिने बाराच, म्हणजे हा खोटारडा.”

“अरे, आपल्या पंचांगातला तेरावा महिना त्यांच्याकडे कुठला? त्यांच्या तारखेत सांगायचंस.”

“तुम्ही सांगितलंत?”

“एकूण एक. आपलं पंचांग मागे, म्हणून वर्षंसुद्धा सात-आठ वाढवून. तर म्हणे, बाई घडाघडा बोलते, पाठ करून आलीय.”

“मग आज काय सांगू? परत धाडलं तर तिकडे तुरुंगच आहे.”

“खरं तेच सांग. फक्त मधेमधे अडखळ.”

“बोलावणं दहाचं होतं ना? अकरा वाजले की.”

“न्यायाधीशांना उशीर झालाय. शिपाई म्हणाला, तासाभराचं मागेपुढे समजून घ्या.”

“घेतो ना. आमचं सात वर्षांचं त्यांनी समजून घेतलं, की झालं.”