टर्पेंटाइननं न गेलेला डाग

अहो सिस्टर, हळू! सुई आहे की छत्रीची काडी? – हसलात, बरं झालं. मघापासून तोंड असं केलंय, जसं रक्त तुमचंच काढायचंय. घ्या, हा डावा हात. जन्मभर परांचीवर लटकून भिंती रंगवल्यात यानं – थांबा हो, घाई काय? रक्त कुठं पळून जातंय!

बाहेर बसलीय ना, मांडीवर पिशवी घेऊन – ती माझी लेक. तिनंच ओढून आणलंय मला. डॉक्टर म्हणाले, कातडीचा कॅन्सर एकच, पण कुणाचं अंग त्याला पुरून उरतं, कुणाचं नाही – आणि ते थोडंफार आईबापांकडून येत असावं, म्हणून बापाचंही रक्त बघू. झालं! पोरगी टाळ्याच पिटायला लागली. कारण मलाही झाला होता ना – ही पोटरी बघा, केवढा खड्डा! जांघेतसुद्धा गाठ आली होती. सगळ्यांनी आशा सोडली, मी मात्र असा चिवट, की यमच कंटाळून परत गेला. तेव्हापासून – म्हणजे हिलाही तोच कॅन्सर निघाल्यापासून – ज्याला त्याला सांगत सुटलीय, ‘मी बाबांवर गेलेय, मला काही होत नाही.’

गेलीच आहे म्हणा. एवढीशी होती तेव्हा माझ्या चपला खिळ्यांनी जमिनीला ठोकल्या होत्या! पाय घातला, उचलला – मी तोंडावर! पडल्या पडल्या हसत सुटलो. मग मला सांगा, खोड्या उतरतात तर बाकीचं का नाही उतरणार? तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा.

– नाही, सुई नको अजून. एक विचारतो. हे रक्त चहाड्या करतं का हो? म्हणजे, कोण कुणाचं, तेही सांगतं? – सांगतं. हं.

परांचीवर माझा एक जोडीदार होता. लंबू म्हणायचो आम्ही. त्याच्या पाठीवर, खांद्याच्या खाली, काळा डाग. मला वाटलं डांबर उडालंय. मी आपला टर्पेंटाइनचं फडकं घेऊन घासतोय, तो बोंबलतोय, ‘मेल्या, कातडं सोलतोस काय!’ – खाली सगळे हसून बेजार. डाग काही गेला नाही. वर्ष पुरं व्हायच्या आत लंबूच गेला. बायको पोटुशी होती त्याची. मी लग्न केलं तिच्याशी. लोक म्हणाले, हा याचा सगळ्यात मोठा वात्रटपणा.

लेकीला यातलं काही ठाऊक नाही. कशाला सांगायचं होतं? कडेवर माझ्याच वाढली. आणि आता हिलाही तिथंच, खांद्याच्या खाली – मी बघितला आणि... मला डॉक्टरांच्या आधी कळलं हो.

तिच्यापाशी दुसरा कसलाच धीर नाही, सिस्टर. माझं रक्त, एवढाच. तेवढं तुम्ही जर – अं? दार वाजलं? तो कापूस द्या इकडं, लवकर, डोळे पुसू दे –

अगं ये, ये! रडतोय कुठं? सुई बघूनच पाणी आलं! हसतेस काय बापाला? या सिस्टर आत्ता म्हणत होत्या, असलं चिवट रक्त पोरीला मिळालं नाही असं होणारच नाही. हो ना, सिस्टर?

सिस्टर... सांगा ना हिला.