तक्त्यात नाई ते लिहा

...अन् खिळा ठोकायचा कुठं, ते तं कोणी सांगा? नागपूरच्या सरकारनं तक्ता पाठवला, मागून कापड लावलेला, खाली-वर दांडी बसवलेला, रंगीत. पण तो टांगायचा कशावर ते काही लिहून पाठवलं नाई. आपला वऱ्हाड त्या वख्ती नागपूरच्या सरकारात, म्हणजे कापूस इकून जाये अन् हुकूम तिकून ये. साखरखेर्ड्याच्या अल्याड कोसभरावर एक लहानसं खेडं, तिथं डिस्ट्रिक्ट कौन्सिलची एका खोलीची शाळा, शाळेची भिंत मातीची. त्या भिंतीत खिळा ठोकला का खिळ्यासंग ओंजळभर माती खाली ये अन् मातीसंग तक्ता पोट्ट्यायच्या डोक्यावर. "गुरुजी, पडला." टांगा. "गुरुजी, पुन्ना पडला." शेवटी निवृत्ती गुरुजीनं आपल्या जुन्या धोतराचा काठ फाडला अन् तक्ता वरच्या लाकडाले बांधला, तं तो फिराले लागला. वारा आला का तक्ता भिंतीकडे तोंड करे अन् पोट्टे मागचं कोरं कापड पाहत बसत. आता यात गुरुजीचं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

निवृत्ती गुरुजी म्हणजे कसा माणूस, तुम्हाले सांगतो. अंगानं काडी, टोपी कानापर्यंत, ट्रेनिंग करून आलेला, अन् ट्रेनिंगमधून एकच गोष्ट डोक्यात पक्की घेऊन आलेला, का पोरानं मनानं लिहिलं पाहिजे. कारण आमच्या शाळेत निबंध म्हणजे काय होता? गुरुजीनं सांगायचं, "गाय हा उपयुक्त प्राणी आहे," अन् पोट्ट्यायनं लिहायचं. गुरुजीनं लहानपणी तीच गाय लिहिली होती, गुरुजीच्या गुरुजीनं तीच लिहिली होती, ती एकच गाय तीन पिढ्यायपासून दूध देऊन राह्यली होती. म्हणून तक्ता आला तं हा माणूस लेकरासारखा खूश. चित्र पाहायचं, बोलायचं, अन् मंग आपलं आपण लिहायचं, अशी ती रीत.

आता तक्त्यात होतं काय? वर मोठ्या अक्षरात 'आमचे घर'. खाली घर, अन् घरातल्या हरेक वस्तूखाली तिचं नाव लिहिलेलं. घरात बाप खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचून राह्यला, माय शिवणाच्या मशिनीवर, भिंतीवर घड्याळ, मांजर गालिच्यावर, अन् खिडकीतून नारळाचे झाडं. नारळाचे! आमच्या इकडे नारळ झाडाले लागते का दुकानात उगवते, हेबी पोट्ट्यायले ठाऊक नव्हतं.

गुरुजी म्हणे, "सांगा बरं, काय दिसते?"

एक पोट्टं उठलं. "गुरुजी, हा माणूस बिमार हाय का?"

"काऊन रे?"

"दिवसा घरात बसला नं. याले वावर नाई का?"

गुरुजी म्हणे, बरं, तेच लिहा. जे वाटलं ते लिहा. पाट्या खाली गेल्या, पेन्सिली कुरकुरल्या, गुरुजी हात मागं बांधून येरझारा घालून राह्यले, आता काय एकेक नवी गोष्ट निंगते म्हणून... अन् पाट्या वर आल्या. सगळ्या पाट्यायवर एकच. 'आमचे बाबा खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचतात.' गुराख्याच्या पोराच्या पाटीवर तेच, तेल्याच्या पोराच्या पाटीवर तेच. अख्ख्या गावात खुर्ची एक, ती हिंमतराव पाटलाच्या ओसरीत, तिच्यावर पाटील सोता बसत नाईत, तहसीलदारासाठी झाकून ठेवलेली.

"का बे, तुझा बाप पेपर वाचते?"

"नाई, गुरुजी."

"मंग लिहिलं काऊन?"

"तक्त्यात हाय."

तवापासून गुरुजीनं एकच धोशा लावला, "तक्त्यात नाई ते लिहा." उठता-बसता तेच. तं एकानं लिहिलं, 'तक्त्यात बैल नाही. तक्त्यात हत्ती नाही. तक्त्यात तहसीलदार नाही.' गुरुजीनं छडी उचलली अन् पुन्ना ठेवली. सांगितलं ते त्यानं केलं होतं, मारायचं कशासाठी? यात गुरुजीचं काय चुकलं, सांगा. अन् त्या पोराचं तरी काय चुकलं?

अन् मंग अंबूनं लिहिलं.

अंबू रामरावची पोरगी. शाळेत पोरी दोन-चारच, त्यात ही एक. रामराव म्हणजे वांगे-मिरच्याचा मळा करणारा, नाल्याकाठी विहीर, स्वभावानं गरीब. पण श्रावण लागला का हा माणूस येगळा. मारुतीच्या देवळात पोथी वाचायले बसला, का गाव गोळा. काय आवाज... सीतेले वनात सोडली तिथं म्हातारी तानुबाई दरसाल रडे, पदर ओला करून घरी जाये. एरवी 'रामा' म्हणणारे पाटील श्रावणभर 'रामरावजी' म्हणत. त्याच्या बापानंबी तिथंच पोथी वाचली होती, म्हणजे ते घरच पोथीवाल्याचं.

तं अंबूनं लिहिलं, 'चित्रातले बाबा कागद सरळ धरून वाचतात. माझे बाबा पोथी वाचतात. पोथी उलटी असली तरी माझ्या बाबांना वाचता येते. चित्रातल्या बाबांना असे येत नसेल.'

गुरुजीनं वाचलं अन् त्यायचे डोळे भरून आले. पोरगी तक्त्याच्या भाईर गेली होती. मनानं लिहिलं होतं, आपल्या बापाचं लिहिलं होतं. "शाबास, अंबू," म्हणाले अन् पाटी पुन्ना वाचली. तिसऱ्यांदा वाचली अन् पटकन पालथी घातली.

उलटी पोथी कोण वाचते, सांगा बरं? ज्याले सरळ कोणती ते ठाऊक नाई, तोच. रामराव बापाच्या मांडीशी बसून बसून सगळी पोथी कानानं प्याला होता. बाप अक्षर शिकवायच्या आधीच गेला, अन् श्रावण आला तवा लोकायनं पोरापुढं पोथी ठेवली, पोरानं डोळे पानावर ठेवून म्हणून दाखवली. तवापासून तो म्हणूनच राह्यला होता. गाव ऐकून राह्यलं होतं. अन् ही पोरगी, जिले शाळेनं अक्षर शिकवलं, तिले वाटलं, आपल्या बापाले सगळ्या जगाहून जास्त येते.

गुरुजीनं पाटी पुसली. अंबूले म्हणाले, "छान हाय, पण घरची गोष्ट, भाईर सांगू नको." पोरीनं मान हालवली. पण जे पोट्टं सोता लिहिते ते त्याले पाठ राह्यते, हे ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

डिप्टी साहेब तपासणीले आले. बैलाच्या दमणीतून उतरले, टोपी, कोट, छडी. शाळेच्या ओसरीवर पाटील, चार पंच, रामरावबी त्यात. पाटलानंच बोलावलेला, गावचा वाचणारा माणूस म्हणून. साहेबांनी तक्ता पाहिला, पाट्या पाहिल्या. खुर्ची, खुर्ची, खुर्ची.

"मास्तर," साहेब म्हणाले, "सगळ्यांचं एकच? स्वतःच्या मनाने कोणी काही लिहिलेलंच नाही?"

गुरुजी काय बोलतील? 'नाई' म्हणावं तं नोकरीवर शेरा, 'हो' म्हणावं तं रामराव ओसरीवर. गुरुजी म्हणाले, "नाही, साहेब." शेरा घेतला त्यायनं आपल्यावर, आता यात तरी त्यायचं काय चुकलं? पण पोट्टे कुठं खोटं बोलू देतात? मागून आवाज आला, "अंबूनं लिवलं हाय."

साहेब म्हणाले, "कोण अंबू? ऊठ बाळ. सांग बरं."

अंबूनं गुरुजीकडे पाह्यलं. गुरुजीनं नको म्हणून हात हालवला, पण साहेब म्हणजे साहेब. पोरीनं हाताची घडी घातली, ओसरीवर बाप बसला होता म्हणून जरा जास्तच जोरात, चारी वाक्यं म्हणून दाखवली.

साहेब खो-खो हासले. "वा. उत्तम विनोदी रचना." साहेब हासले म्हणून पाटील हासले, पाटील हासले म्हणून पंच हासले... अन् मंग एकेकाचं हासू बंद होत गेलं, जसजसं डोक्यात उतरलं तसतसं. पाटलानं शाळेतलं एक पुस्तक घेतलं, उघडलं अन् रामरावपुढं धरलं. "रामरावजी, इतकं जरा वाचून दाखवा साहेबाले."

रामरावनं पुस्तक घेतलं. पाह्यलं. हळूच फिरवलं, पुन्ना पाह्यलं, पुन्ना होतं तसं केलं. मंग ते मिटून पाटलाच्या मांडीजवळ ठेवलं अन् म्हणाला, "मिरच्यायले पाणी सोडेल हाय, येतो." अन् गेला.

त्या श्रावणात पोथी पाटलाच्या पुतण्यानं वाचली. चौथी पास. 'रा...राव...रावण' करत वाचे, रावण दरबारात पोहोचेपर्यंत अर्धं देऊळ झोपे. लोक म्हणत, रामानं फसवलं. बाप्पा, काय फसवलं? शब्द तेच, आवाज त्याहून चांगला. पण तानुबाई देवळाच्या पायरीवर बसून ज्याले-त्याले विचारे, "मंग इतके साल मी रडली, ते फुकट गेलं का?"

रामरावनं अंबूचं नाव शाळेतून काढलं. गुरुजी मळ्यात गेले. रामराव वांगे तोडून राह्यला होता, रागाचा एक शब्द नाई, टोपली उपडी करून गुरुजीले बसाले दिली.

"पोरीनं खोटं कुठं लिवलं, गुरुजी? पण मले पाहून ते लेकरू आता बोलत नाई. तिले वाटते, बापाले बट्टा तिनं लावला. शाळा म्हटलं का रडते. मी काय करू?"

गुरुजी टोपलीवरून उठले अन् त्याच्या संग वांगे तोडाले लागले. मंग ते म्हणाले, "तुम्ही शिका."

"या वयात?"

"तिच्या संग शिका."

अन् तुम्हाले सांगतो, दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली का गुरुजी तक्ता गुंडाळून काखेत मारून मळ्यात. विहिरीवरच्या कडुनिंबाले तक्ता बांधायचा, एका बाजूनं अंबू बसे, दुसऱ्या बाजूनं बाप. गुरुजी शब्दावर काडी ठेवत. रामराव म्हणे, "खुर्ची." "शाबास." "घड्याळ." "शाबास." गुरुजी हरखले, अन् मंग त्यायनं चित्रावर हात ठेवला. रामराव अडला. अक्षर नाई, हा माणूस चित्र वाचून राह्यला होता. इथंबी कानानं नाई तं डोळ्यानं पाठ. मंग गुरुजीनं सगळ्या चित्रावर उपरणं टाकलं अन् नुसतेच शब्द उघडे ठेवले, अन् 'क'पासून पुन्ना सुरू केलं. रामरावले घाम फुटे. भर उन्हात वाफे खोदताना न येणारा घाम 'ज्ञ' लिहिताना ये. अंबू त्याचं बोट धरून गिरवून घे, अन् गिरवता गिरवता कधीतरी ती त्याच्याशी बोलाले लागली.

इतक्यात नागपूरहून नवा तक्ता आला. डिप्टी साहेबांनी अंबूची रचना वर पाठवली होती, ती छापून आली, अख्ख्या जिल्ह्यातल्या शाळांसाठी. चित्रात तोच खुर्चीवाला बाप, हातात आता पोथी. अन् खाली मोठ्या अक्षरात: 'माझे बाबा पोथी वाचतात. पोथी नेहमी सरळ धरावी.' त्याच्या वर मथळा: 'मुलीने स्वतःच्या मनाने केलेली रचना.' अन् सगळ्यात खाली, लहान अक्षरात: 'सर्वांनी सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यावी.'

गुरुजीनं तो टांगला. काय करतील? पोट्ट्यायनं उतरवून घेतला. एका वाऱ्यानं तो भिंतीकडे फिरला, तं गुरुजीनं सरळ केला नाई.

दुसऱ्या वर्षीचा श्रावण आला. पाटलाच्या पुतण्याचा घसा बसला. देवळात रामराव उभा राह्यला, म्हणाला, "आज मी वाचतो." कुजबूज झाली, पण पाटील म्हणाले वाचू द्या, याचं ऐकाले बरं असते. रामरावनं मुद्दाम एक मागचा अध्याय काढला, जो त्याच्या बापानं कधी वाचला नव्हता, ना त्यानं. गावात कोणी ऐकलाच नव्हता. म्हणजे पाठ म्हणून दाखवला, असं कोणाच्या बापाले म्हणता येऊ नये. पोथी सरळ धरली. बोट ठेवलं. अन् वाचाले लागला, एकेक अक्षर, थांबून, जोडाक्षराजवळ अडून, मागं येऊन, पुन्ना पुढं. पहिले ज्याचा आवाज देवळाच्या भाईर जाये तो आता स्वतःले ऐकू येईल इतकाच. गुरुजी खांबामागं उभे, ओठ हालवून राह्यले होते, प्रत्येक अक्षर बरोबर, एक चूक नाई. अंबू बापाकडे नाई, पोथीकडे पाहून राह्यली होती. तिले दिसत होतं नं, आता खरं वाचून राह्यला.

अध्याय संपला. रामरावनं पोथी बांधली, तोंड पुसलं. गुरुजीनं लोकायच्या तोंडाकडे पाह्यलं, आता कोणी काही म्हणेल, एक शब्द... पाटील जांभई दाबून राह्यले होते. मंग तानुबाईनं कोरडा पदर नीट केला, गुडघ्यावर हात देऊन उठली अन् शेजारणीले म्हणाली,

"हेबी पाठच केलं त्यानं. पण या बारीले काही बरं पाठ झालं नाई."