पाच मिनिटं गच्चीवर

प्राण्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मांजराची टोपली घेतलेल्या बाई होत्या. पलीकडे, मांडीवर ओलाचिंब पग घेतलेले काका.

"काका, हा पोहून आला का?" बाईंनी विचारलं.

"चक्कर आली त्याला. जीभ जांभळी पडली. नळाखाली धरला, पंख्यापुढे ठेवला, तसाच आणला."

"उन्हात फिरवलात?"

"छे! मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेलो, हा मागोमाग आला. पाच मिनिटं."

"एवढ्यात?"

"कुत्री धापा टाकून गार होतात, ताई. ह्याला नाकच नावापुरतं. धापा टाकतानाच दमतो."

"म्हणजे जन्मभर असा श्वास घेतोय?"

"नऊ वर्षं."

"आणि तरी शेपूट हलवतोय?"

"तुम्ही बोलताय ना त्याच्याबद्दल."

आतून हाक आली, "पुढचं मांजर!"

"मांजर थांबेल. तिला नुसता राग आलाय. उठा काका, पळा!"