ठिपक्यांचा हिरा

—अहो, पण खोटं कुठे आहे त्यात? तुम्हीच मघाशी म्हणालात ना उस्ताद नेर्सेस, असले हिरे बसवताना कधीकधी तडकतात—मग तडकला म्हणा! माझ्या नदीमला फोन करायचा, आवाज जरा पाडायचा—तुमचा तसाही रडकाच आहे—की बेटा, वाईट झालं, चिमट्यातच गेला. आणि त्याच्या जागी एक पांढरा, लखलखीत, चारचौघांसारखा हिरा. वरचे पैसे माझे. असं बघू नका माझ्याकडे, आई आहे मी त्याची. दाखवा तो पुन्हा—हा? हा साखरपुड्याचा हिरा? आमच्या गच्चीवरच्या टाकीच्या तळाशी असलं काहीतरी सापडतं! राखाडी, आत मिरपूड सांडलेली, आरपार काही दिसेल तर शपथ. ती होणारी सून, लमीस, मला म्हणते, "उम्म नदीम"—नदीमची आई, एवढंच माझं नाव—"हा जमिनीतून आला तसाच आहे, ह्यानं काही लपवलेलं नाही." अगं, बटाटाही जमिनीतून तसाच येतो! पोरगी वाईट नाही हो. वाईट असती तर बरं होतं, भांडता तरी आलं असतं.

तुम्हाला म्हणून सांगते, लग्न मला दिसणारच नाही. आम्ही चर्चवाले, ती दुसऱ्या धर्माची; धर्म न बदलता बैरूतमध्ये दोघांचं लग्न लावून देणारं कुणी नाही. म्हणून सायप्रसला जाणार, दहा मिनिटांत सह्या करणार, समुद्रात डुंबून परत. मी येत नाही म्हणाले—म्हणजे रागात म्हणाले, आणि त्यानं लगेच ऐकलं! मग आईच्या वाट्याला उरलं काय? माझ्या दिवाणखान्यातला साखरपुडा, साखरेत घोळवलेले बदाम, सत्तर माणसं आणि ही अंगठी. सत्तर माणसं एकेक करून तिचा हात धरणार. आमची जॉर्जेट धरणार! माझी नणंद हो—ती खडा सोडवून वर्तमानपत्रावर पालथा ठेवायलाही कमी करायची नाही. खालची अक्षरं वाचता आली की नकली म्हणून मोकळी. आता ह्यातून... थांबा, ह्यातून तर एक अक्षर दिसणार नाही. म्हणजे हा पास? पहिल्या नंबरानं पास! तिच्या स्वतःच्या खड्यातून मथळे वाचता येतात, आम्ही कधी बोललो नाही. ती म्हणेल, "वहिनी, धुवायचा राहिला वाटतं." मी म्हणेन, "जॉर्जेट, चकाकते तर बाटलीची काचही." बरं आहे ना? की कमी पडतं? मग असं—"हा कोट्यवधी वर्षं मातीत होता, तू चाळीस वर्षं संसारात आहेस, तू चमकलीस का?" नको, रडेल ती. असू दे, हाताशी असू दे.

माझी अंगठी बघा. सासूनं आणली, स्वतःच्या बोटाच्या मापानं. एकतीस वर्षं दोरा गुंडाळून घालतेय. मला कुणी विचारलं? तेव्हा नाही, आत्ताही नाही. हा हिरा नदीमनं दाखवला, पण सगळं ठरवून झाल्यावर. दाखवणं वेगळं, उस्ताद, विचारणं—

काय? कोण आली होती? लमीस? काल, एकटी? ह्या पुडीत काय आहे? आणखी तीन... तिन्ही असलेच मळके! राखाडीच हवा, पण कुठला ते—कुणी ठरवायचं म्हणाली? मी? "उम्म नदीम येतील, त्यांना विचारा," असं म्हणाली? तिच्या तोंडून? आणि मी येणार हे तिला कुणी सांगितलं?... कुणीच नाही. हं. मग हे आधी नाही का सांगायचं, अर्धा तास मला बडबडू दिलंत! मी बोलू दिलं नाही? बरं, नसेल दिलं.

भिंग द्या इकडे. नदीमचा तो राहू द्या बाजूला, पुरुषाला काय कळतं. हा... नको, हा फार स्वच्छ आहे. ह्याच्यात दोनच ठिपके, कंजूष मेला. आणि हा—जरा उजेडाकडे सरका—ह्याच्या आत कसं धुकं उतरल्यासारखं... उस्ताद, आता तुम्ही जरा गप्प बसा, मला बघू द्या.