कोरा ओरखडा

— नाही रे सुकऱ्या, आत नको, पायरीवरच बस. रामीला घरी न्यायचंय — कळलं, दोनदा सांगितलंस. पण तुझ्या बायकोला क्षय आहे असं मी म्हणालो का? मी नुसता टोचणारा. हातावर ओरखडा काढायचा, डॉक्टरसाहेबांनी दिलेलं क्षयाचं औषध चोळायचं, तिसऱ्या दिवशी पट्टी लावून फुगी मोजायची. तिची भरली चौदा रेघा. साहेब म्हणाले, क्षय. मग शिरपामाळावरच्या खोपटात ठेवली तिला, सुकरीपाशी — ती म्हातारी रक्त थुंकायची, ठाऊक आहे तुला — आणि दर आठवड्याला त्याच औषधाची सुई, अंगानं रोगाशी झुंजावं म्हणून.

एवढी फुगी आली कशी, म्हणतोस? बिबा चोळलात ना? मान कशाला खाली घालतोस, मला तेव्हाच दिसला होता काळा डाग. देवी टोचल्यावर फोड आला नाही की टोचणारा परत येतो, शिव्या घालतो, म्हणून तुम्ही पाड्यावरचे बिबा चोळून फोड आणता — दरवर्षीचं आहे हे. पण देवीत फुगलं तर चांगलं, आणि यात फुगलं तर रोग. हे तुम्हाला कोण सांगणार? मीच सांगायचं. नाही सांगितलं.

आणि ओरखडे दोन असतात, बघ. एक औषधाचा, एक कोरा — कोऱ्यावर काही उठायला नको. तुम्ही बिबा दोन्हींवर चोळलात, म्हणून रामीच्या कोऱ्यावरही तेवढंच उठलं होतं. म्हणजे फुगी औषधाची नव्हेच, एवढं कळतं मला, वीस वर्षं टोचतोय. तरी कोऱ्यापुढं शून्य लिहिलं. का लिहिलं — अरे, अख्ख्या रांगेसमोर हसली ती मला. हात बघा कसा थरथरतोय, म्हणाली, रात्रीची उतरली नाही वाटतं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, साहेबसुद्धा हसले. म्हटलं, हस. बसेल महिनाभर खोपटात, जिरेल, मग सांगू साहेबांना चूक झाली म्हणून. महिन्याचे पाच झाले. कोणत्या तोंडानं सांगायचं, तूच सांग — नोकरी जाते माझी.

सुकरी मेली तेव्हा गेलो होतो मी, अगदीच दगड नाही. रामी दारात बसली होती, खोकत. दादा, आता तरी सोडा, म्हणाली. म्हटलं, आण हात, पुन्हा बघू. दोन ओरखडे काढले, उशाखाली बिबा नाही ना तेही पाहिलं. काल जाऊन मोजले. कोरा साफ. औषधाच्यावर सोळा रेघा.

बघतोस काय असा? या खेपेला मी खरं लिहिलंय.

ऊठ आता. साहेब गेले मोखाड्याला, संस्थानाबाहेर इंग्रजी मुलखात, तिथं तुझं कोण ऐकतंय. आणि ती नागलीची भाकर आणलीस ना तिच्यासाठी — खोपटाच्या दाराशी ठेव आणि माघारी फिर. हाक मारली तरी आत जाऊ नकोस.