झाडाखालचा पक्षी

तलावाकाठी सायकली भाड्याने मिळायच्या त्या खिडकीपुढे रांग होती. सुट्टी काढून आलेल्या नर्सच्या पुढे एक सासू आणि तिची तरुण सून उभ्या होत्या.

“आई, तुम्ही कशाला आलात? पाय दुखतील.”

“माझा मुलगा गेल्यापासून तू इथे एकटीच पक्षी बघायला येतेस. हल्ली मात्र हसत घरी येतेस. म्हटलं, कोणता पक्षी आहे ते बघावं तरी.”

“आई!”

“तो झाडाखालचा ना? मघापासून दुर्बीण उलटी धरून बसलाय.”

“तुम्हाला बघून घाबरलाय बिचारा.”

“मागणी घातली का त्याने?”

“घातली. तुम्हीही आमच्याबरोबर राहावं म्हणतो. तुम्हाला सांगायचा माझाच धीर होत नव्हता.”

“त्या दिवसांत तू मला सावरलंस. आता मी तुला आडवी येईन होय?”

“किती सायकली?” खिडकीतून आवाज आला.

“दोन,” सून डोळे पुसत म्हणाली. “एकीला मागे सीट हवी.”

“मी नाही हं त्याच्या मागे बसणार!”

“त्याच्या कशाला? माझ्या मागे बसा.”

नर्सने पुढे होऊन सायकल घट्ट धरली. सासू सुनेची कंबर धरून बसली.

“हळू चालव गं. आणि आधी त्या झाडाकडे वळव.”